बाबांच्या टर्नटेबलला नवी पिन: ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई, वरुडच्या धुळीत आणि उन्हात वापरून

आधीच सांगून टाकतो, घ्यायची असेल तर घ्या, पैसे वसूल आहेत. ज्याला सविस्तर पाहिजे त्याने पुढे वाचा, आमच्या घरात हा विषय निघाला की थोडक्यात आटपतच नाही.

सेटअप असा आहे. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवायचं मशीन, टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके२, बाबांच्या मावसभावाने दुबईहून आणलेला, त्या काळी असलं सामान असंच कोणाच्या तरी बॅगेतून यायचं. अॅम्प आणि स्पीकर कोलकात्याच्या सोनोडाइनचे, ते एका आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाच्या पैशात आले, संत्र्याला त्या साली भाव चांगला होता आणि आईच्या पाटल्या मात्र राहून गेल्या. हे ती अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पण रेकॉर्ड लागली की सगळ्यात पुढे खुर्ची तिचीच. लोक म्हणतात हा नाद तुले बापाकडून आला. अर्धंच खरं आहे ते. स्क्रू किती पिळायचा, वायर कुठून न्यायची, कोणत्या बटनाला उगाच हात लावायचा नाही, हे बाबांचं. कान आईचा. बाबा काटा बघतात आणि आई तंबोरा ऐकते, मधल्या जोडाच्या दोन तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत, नुसता घुं असा गोळा आला की ती उठून स्वयंपाकघरात जाते. यापेक्षा कडक रिव्ह्यू मी कुठे वाचला नाही.

तर जुनी पिन पार झिजली होती, गाण्यात 'स' किंवा 'श' आला की फस्स व्हायचं. नागपूरला एका दुकानात विचारलं तर त्या भाऊने पिनीचं सोडून जाडजूड स्पीकर वायर काढून दाखवली, आणि त्या वायरच्या किमतीत आमची एक फवारणी झाली असती. बाबांनी तिथल्या तिथे सांगितलं, "फाळ बोथट असला तं बैल कितीही तगडे लावा, तास खोल जात नाही." आम्ही निघालो आणि कार्ट्रिज, म्हणजे पिन जिच्यात बसते तो छोटा ठोकळा, पिनीसकट ऑनलाइन मागवली.

आता वस्तूबद्दल. ऑडिओ-टेक्निका जपानची कंपनी आहे, १९६२ पासूनची. व्हीएम९५ ही सिरीज आहे आणि हिची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे बॉडी एकच ठेवून पुढची पिन बदलता येते, साधी गोल टोकाची, इलिप्टिकल म्हणजे लंबगोल टोकाची, किंवा त्याहून बारीक घडवलेल्या टोकाच्या मायक्रोलिनियर आणि शिबाटा, जसा खिसा तशी पिन. आमची ई म्हणजे इलिप्टिकल, हिरव्या रंगाची. मूव्हिंग मॅग्नेट आहे, म्हणजे पिनीसोबत चुंबक हलून सिग्नल तयार होते, त्यामुळे जुन्या अॅम्पच्या फोनो इनपुटला (टर्नटेबल जोडायच्या जागेला) सरळ लागते, सिग्नल वाढवायला वेगळा डबा घ्यावा लागत नाही. वजन ६.१ ग्रॅम, पिनीचा दाब २ ग्रॅम.

बसवायला सोपी. स्क्रूचे आटे कार्ट्रिजच्या अंगातच आहेत, त्यामुळे ते तिळाएवढे नट पकडत बसायची कटकट नाही, ज्याने जुन्या कार्ट्रिज बसवल्या आहेत त्याला हे वाचूनच बरं वाटलं असेल. चार वायरी, लाल-हिरवी उजव्या चॅनलची आणि पांढरी-निळी डाव्याची, चिमट्याने हळू लावायच्या. बाबांनी चष्म्यावर भिंग धरून सगळं स्वतः केलं, मला फक्त टॉर्च धरायला ठेवलं होतं (मी पन्नाशीला आलो तरी माझं प्रमोशन होणार नाही असं दिसते). एक सांगतो, दाब मोजायला छोटा डिजिटल काटा जरूर घ्या. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड जास्त टिकते असं बरेच जण समजतात, पण दाब कमी पडला की पिन रेकॉर्डच्या खाचेत नीट बसत नाही, खाचेच्या भिंतींवर आदळत जाते आणि नुकसान उलट जास्त होते.

आवाज. बाबांना आता झांजेची वरची किणकिण नीट ऐकू येत नाही, ते कबूल करत नाहीत हा भाग वेगळा, म्हणून निकाल आईचाच. वसंतराव देशपांडे लावले, ते मूर्तिजापूरचे म्हणजे आमच्याकडे त्यांचा मान जरा जास्तच. त्यांची तान जिथे वेगात वळते तिथे जुन्या पिनीत सगळे सूर एकमेकांत कालवले जायचे, आता एकेक सूर सुटा येते आणि मागे तबल्याचा बायाही घुमते, फुगत नाही. आई म्हणाली, "आता कसं, बुवा समोर बसले वाटते. पण शेवटच्या गाण्यात मले अजून थोडं खरखर लागते बाप्पा."

आणि बरोबर धरलं तिने. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला पिनीखालून सेकंदाला साधारण ५० सेंटीमीटर खाच सरकते, आत लेबलाजवळ तेच २० च्या आसपास येते, म्हणजे तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. हा मुळात रेकॉर्डचाच स्वभाव आहे. इलिप्टिकल टोक गोल टोकापेक्षा हे बरंच बरं वाचते, पण पूर्ण नाही. ज्याला शेवटचं गाणंही एकदम साफ पाहिजे त्याने थोडे पैसे साठवून मायक्रोलिनियरच घ्यावी.

आपल्या भागातल्या लोकांसाठी दोन-चार गोष्टी, शहरवाले या लिहीत नाहीत. कार्ट्रिजमधून जेमतेम ४ मिलिव्होल्ट निघतात, एवढ्याशा सिग्नलला अॅम्प कितीतरी पट वाढवते, त्यामुळे घराची अर्थिंग खराब असली तर गाण्यासोबत घुंऽऽ फुकट मिळते. टर्नटेबलची अर्थची वायर अॅम्पच्या मागच्या स्क्रूला लावा, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा आहे की नाही ते बघा, उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकत जा. रात्री थ्री फेज आली की गावभर मोटरा सुरू होतात, बल्ब पिवळा पडते, पण हा टर्नटेबल क्वार्ट्झ लॉकचा आहे, म्हणजे घड्याळासारख्या क्रिस्टलच्या ठोक्यावर चालते, म्हणून स्पीड हलत नाही, साध्या मोटरच्या प्लेयरवाल्यांनी मात्र स्टॅबिलायझर लावावा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा रेकॉर्डी उभ्याच ठेवा, आडव्या थप्पीत आणि टिनाच्या खोलीत तर अजिबात नको, पीव्हीसी आहे ते, वाकते. आणि धूळ! काळ्या मातीची बारीक धूळ खिडकी बंद असली तरी येते. पिनीवरचा ब्रश नेहमी मागून पुढे फिरवायचा, आजूबाजूला नाही, आणि धोतराच्या टोकाने पिन पुसायची सवय ज्या काकांना आहे त्यांना मशीनजवळ येऊ देऊ नका.

इलिप्टिकल पिनीचं आयुष्य कंपनी ३०० तास सांगते, चाळीस मिनिटांची रेकॉर्ड धरली तर साडेचारशे रेकॉर्डी झाल्या. आमच्याकडे आई दुपारी एक आणि बाबा रात्री एक लावतात, म्हणजे वर्षभरात पिन बदलायला येईल. तेव्हा त्याच बॉडीवर मायक्रोलिनियर टाकायची असं आईने ठरवूनही टाकलं, पैसे मृग बहारातून, आणि बाबा म्हणतात आधी ड्रिपच्या नळ्या बदला, मग बघू.