बडोद्याच्या मकरपुऱ्यात बनलेला, प्रकाशावर तापणारा रासायनिक रिअ‍ॅक्टर: घ्यावा का?

घ्यावा, पण तापमान मोजायची व्यवस्था स्वतः सांगून करून घ्यावी. आता सविस्तर.

आमच्या लॅबमध्ये निकेल-अ‍ॅल्युमिना कॅटॅलिस्टवर, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पावडरीवर, काम चालतं. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेन बनवायचा, म्हणजे 1912 चं नोबेल मिळवणाऱ्या पॉल सबातिए यांची अभिक्रिया. त्यासाठी कॅटॅलिस्ट 300 अंशांच्या आसपास न्यावा लागतो. ट्यूब फर्नेसमध्ये, म्हणजे नळीच्या विजेच्या भट्टीत, आधी विटा तापतात, मग नळी, मग वायू आणि सगळ्यात शेवटी ती चिमूटभर पावडर, जिच्यासाठी एवढा खटाटोप असतो. बंद केल्यावर निवायची वाट बघण्यात दुपार जाते.

या रिअ‍ॅक्टरमध्ये उष्णता थेट पावडरवरच तयार होते. स्टीलची छोटी वाटी, वर क्वार्ट्झची काच आणि त्यावर 450 नॅनोमीटरच्या निळ्या एलईडींचा गठ्ठा. निकेलची पावडर काळीभोर असते. ती प्रकाश शोषते, उत्तेजित इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा पिकोसेकंदांत, म्हणजे निमिषार्धाहूनही कमी वेळात, धातूच्या अणूंच्या जाळीला देऊन टाकतात आणि पावडर तापते. स्विच दाबल्यावर थोड्याच वेळात जीसीवर (वायू वेगळे करून मोजणारं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ) मिथेनचा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, वर येतो, तेव्हा वाटीच्या बाहेरच्या कडेला अजून हात लावता येतो. दिवा बंद केला की पीकही लगेच बसतो. चालू-बंद करत काम करणाऱ्यांना हे फारच सोयीचं आहे.

आता तक्रार. बनवणाऱ्याने थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, वाटीच्या तळाशी बसवला होता, म्हणजे पडद्यावर दिसतं ते तळाचं तापमान. काळ्या पावडरीत प्रकाश मिलिमीटरभरही खोल जात नाही, त्यामुळे वरचा थर कितीतरी जास्त गरम असतो. अशा आकड्यावर विसंबलं, तर ‘इतक्या कमी तापमानाला एवढं रूपांतर, ही प्रकाशाचीच जादू’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जगभरच्या शास्त्रज्ञांत 2018-19 पासून यावरूनच मोठा वाद झाला: काम गरम इलेक्ट्रॉन (प्रकाशाने उत्तेजित झालेले) करतात की साधी उष्णता? तापमान नीट मोजल्याशिवाय याचं उत्तर देताच येत नाही. मी वर्कशॉपमध्ये जाऊन वरच्या थरासाठी वेगळं पोर्ट मागितलं. मालक म्हणाले, “ताई, भोक पाडून देतो, पण प्रेशर टेस्ट परत करावी लागेल.” ती त्यांनी माझ्यासमोर केली. आता बारीक थर्मोकपल पावडरीत पुरलेला असतो, कारण तो उघडा राहिला तर स्वतःच प्रकाश शोषून खोटं रीडिंग देतो. शिवाय प्रत्येक प्रयोगासोबत त्याच तापमानाला फर्नेसमध्ये, अंधारात, तीच पावडर चालवून बघतो. ते केलं नाही, तर तुलनेला अर्थ नाही.

माहितीपत्रकात ‘हरित’ हा शब्द मोठ्या अक्षरात आहे. तो तपासूनच घ्यावा. एलईडीत विजेचा मोठा हिस्सा दिव्याच्याच उष्णतेत जातो, तो हीट सिंकवरचा (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवरचा) पंखा बाहेर फेकतो. साधी हीटरची कॉइल मात्र जवळपास सगळ्या विजेची उष्णता करते. बचत होते ती भिंती, विटा आणि वायू विनाकारण तापवावे लागत नाहीत म्हणून. वीज कोळशाची असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. खरा फायदा लेन्सने गोळा केलेलं ऊन वापरण्यात आहे, आणि बडोद्यात पावसाळा सोडला तर उन्हाची कमी नाही.

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपण अशाच उष्णतेच्या शेजारी राहतो. बडोद्याजवळच्या कोयलीची तेल रिफायनरी 1965 पासून चालू आहे. रिफायनऱ्यांना लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून करायचा, तर 800-900 अंश लागतात आणि ते इंधन जाळूनच मिळतात. तिथे प्रकाश पोचवायचा, तर पातळ थर आणि मोठं क्षेत्रफळ लागेल. खोल टाकीत हे चालणार नाही. आमची वाटी त्या कामाची नाही, पण कुठला कॅटॅलिस्ट पुढे न्यायचा हे ठरवायला ती पुरेशी आहे.

परदेशी झेनॉन दिव्याच्या सेटपेक्षा हा पुष्कळ स्वस्त पडला, आणि दुरुस्तीला माणूस गावातच आहे. ऑर्डर देताना दोन थर्मोकपल पोर्ट, क्वार्ट्झच्या जादा काचा आणि जास्त तापमान सोसणारे ओ-रिंग (वायू गळू नये म्हणून बसवायच्या कड्या) लिहून द्या. सोबत आलेले रबरी ओ-रिंग लवकर कडक झाले. निळ्या प्रकाशाचे गॉगल वेगळे घ्यावे लागतात.