एमपीयू-६०५० आणि ईएसपी३२ : यंत्रमागावर काही महिने चालवल्यानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कंपनांची अखंड नोंद एसडी कार्डावर घ्यायला ही जोडी लावली होती : एमपीयू-६०५० हा कंपनं मोजणारा सेन्सर आणि ईएसपी३२ हा ते आकडे वाचणारा, वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर. उन्हाळा-पावसाळा दोन्ही काढले. स्वस्तात काम भागतं, पण लावून विसरून जावं असा हा माल नाही.

खरी मेख फिफोत, म्हणजे वाचेपर्यंत आकडे धरून ठेवणाऱ्या सेन्सरमधल्या छोट्या साठ्यात आहे. तो अवघा १०२४ बाइटचा. तीन अक्षांचा (एक्स, वाय, झेड) एका वेळचा नमुना ६ बाइटचा आणि सेकंदाला १००० नमुने, म्हणजे १७० मिलिसेकंदांत तो भरतो. एसडी कार्ड मात्र लिहिताना मध्येच २५० मिलिसेकंदांपर्यंत अडून बसू शकतं. वाचणं-लिहिणं एकाच लूपमध्ये ठेवलं की नमुने गळणारच. वर, १०२४ ला ६ ने पूर्ण भाग जात नाही. फिफो ओसंडला की एक्सच्या जागी वायचे आकडे येतात. ग्राफ झकास दिसतो, असतो मात्र चुकीचा! खूण एकच : गुरुत्वाकर्षणाचा १ जी अचानक दुसऱ्या अक्षावर जातो. म्हणून प्रत्येक वाचनाआधी ओव्हरफ्लोचा बिट तपासा, तो लागला असेल तर फिफो रीसेट करा आणि तिथे खंड पडल्याची नोंद ठेवा.

टिकलेली रचना अशी : ८५ नमुने म्हणजे ५१० बाइट, अधिक २ बाइटचा अनुक्रमांक, म्हणजे कार्डाचा बरोबर ५१२ चा एक ब्लॉक. असे २४ ब्लॉक रॅममध्ये रांगेत. १२ केबीत दोन सेकंदांची उसंत मिळते. वाचणारा टास्क (प्रोग्रामचा स्वतंत्र चालणारा भाग) वरच्या प्राधान्याचा, दर ४० मिलिसेकंदांनी, लिहिणारा वेगळा. फाइल सिंक, म्हणजे कार्डावर पक्की करणं, दर १० सेकंदांनी. वीज गेली तर तेवढंच जातं.

कंपनं वाढल्याचा इशारा या रांगेतून पाठवू नका. रांग तुंबली की तोही तितकाच उशिरा पोचतो. आरएमएस (कंपनांच्या तीव्रतेचा एक सरासरी आकडा) वाचतानाच काढा आणि वेगळा पाठवा. वाय-फाय तुटलं तर जुने आकडे फेकून ताजाच ठेवा.

डीएलपीएफ (सेन्सरमधला डिजिटल लो-पास फिल्टर) बंद राहिला तर फिफो ८ किलोहर्ट्झने भरतो, तेही त्याच त्या आकड्यांनी. सेन्सरचं घड्याळही पक्कं नाही : एक टक्का फरक म्हणजे मिनिटाला ६०० नमुने. वेळ ईएसपी३२ च्या घड्याळावरूनच लावा.

विकत घेताना हू-ॲम-आय रजिस्टर (चिपची ओळख सांगणारा आकडा) वाचा. हेक्स ६८ यायला हवं. ७० आलं तर तो एमपीयू-६५००, फिफो निम्मा, ५१२ बाइटचा.