जायफळाच्या खोडावरचं 'औषध' घेण्याआधी हे वाचा

मुंबईत कुठेही कोकणी जत्रा भरली की रोपं आणि बागेची औषधं विकणारा एखादा स्टॉल असतोच, आणि आपण चाकरमानी गावच्या झाडांची काळजी घेऊन तिथे जातो. तशाच एका स्टॉलवर आम्हाला फसवलं, पावसाळ्याआधी सगळ्यांना कळावं म्हणून लिहितेय.

गुहागरला सुपारीच्या बागेत सासऱ्यांनी लावलेली जायफळं आहेत. गेल्या पावसात फांद्यांच्या बेचक्यात सालीवर आधी पांढरी जाळी, मग गुलाबी थर, साल तडकली, पुढचा शेंडा वाळला. गुलाबी रोग, बुरशीचा. स्टॉलवाल्याला मोबाईलवर फोटो दाखवले तर म्हणतो, "ताई, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) जुनं झालं, हे खोडातून आत जातं, फांदी कापायची गरजच नाही." झाडावर कोयता चालवायला सासऱ्यांचा जीव होत नाही, त्यांना ते पटलं. ऐन पावसात दीर तेच फवारत राहिले आणि तोवर रोग फांदीतून खोडात उतरला. चांगलं धरणारं मादी झाड गेलं हो! जायफळाला पहिलं फळ यायलाच ६-७ वर्षं लागतात.

फोन केला तर उत्तर काय, "मॅडम, आम्ही बुरशीनाशक विकलंच नाही, बिल बघा." बिलावर खरंच 'प्लँट टॉनिक'! बुरशीनाशक १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात येतं, बाटलीवर नोंदणी क्रमांक, बॅच, एक्सपायरी, किती विषारी ते दाखवणारा, आत त्रिकोण असलेला रंगीत चौकोन लागतो, विकायला परवाना लागतो. तोंडाने औषध सांगायचं आणि कागदावर टॉनिक लिहायचं, की सुटले.

बाकीची झाडं साध्या उपायाने सावरताहेत. रोगट फांदी चांगल्या लाकडापर्यंत कापून जाळायची, कापल्या जागी बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. फवारणीला तेवढ्यालाच १०० लिटर. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांडं नको, आणि तयार झाल्यावर सुरीचं पातं बुडवून बघायचं, तांबूस चढलं तर चुना अजून घाला. त्याच दिवशी संपवायचं.

अशी बाटली कोणी घेतली असेल तर फेकू नका, बिलासकट तालुक्याच्या कृषी कार्यालयात तक्रार द्या, आम्ही दिली आहे.