एअरफिक्सचा १/७२ स्पिटफायर स्टार्टर सेट: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्लास्टिकचे भाग जोडून मॉडेल बनवायच्या नादाला पहिल्यांदाच लागणार असाल तर एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीचा हाच सेट घ्या. स्पिटफायर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं मॉडेल, पंखांची रुंदी साधारण साडेपंधरा सेंटीमीटर, म्हणजे टेबलाचा एक कोपरा पुरतो. रंग, ब्रश, ग्लू सगळं डब्यातच येतं. मला सोलापुरात नवी पेठेत मिळालं नाही, ऑनलाइनच मागवलं.

लगेच एअरब्रश-कॉम्प्रेसर (हवेच्या दाबानं रंग फवारायचं यंत्र) घेऊ नका. तेच पैसे चांगल्या कटरवर आणि तामिया या जपानी कंपनीच्या एक्स्ट्रा थिन सिमेंट नावाच्या ग्लूवर घाला, खरंच लई फरक पडतो. हा ग्लू पाण्यासारखा पातळ असतो, दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि सांध्यावर ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, ग्लू आपोआप फटीतून आत धावतो, प्लास्टिक थोडं विरघळून दोन्ही भाग एकजीव होतात. फक्त बोट सांध्यावर नको, नाहीतर ठसा तिथंच उमटतो. कॉकपिटच्या काचेला मात्र हा ग्लू नको आणि सुपरग्लू तर नकोच, त्याच्या वाफेनं काच पांढरी पडते. घरातला फेव्हिकॉल लावा, वाळला की पारदर्शक होतो.

भाग फ्रेमपासून तोडताना पहिला कट थोडा लांबून, दुसरा जवळून, राहिलेला कोंब बारीक पॉलिश पेपरनं घासायचा. आणि रंगाआधी सगळं भांड्याच्या साबणानं धुऊन वाळवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग धरत नाही.

आता सोलापूरकरांसाठी खास. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं दुपारी अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो, पंखा लावला तर अजून लवकर, मग विमानाच्या पंखांवर रेघा उठतात आणि वाटतं की रंगच खराब निघाला. रंग खराब नसतो. पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्या कागदावर रंग काढायचा, खालून ओल येत राहते आणि रंग बराच वेळ ओला राहतो. रंगकाम पहाटेच उरका. रंग दुधाएवढा पातळ करून दोन-तीन हात मारा, पहिल्या हाताला खालचं प्लास्टिक दिसणारच, घाबरू नका, पूर्ण वाळू द्या मग दुसरा. १९४० च्या स्पिटफायरला वरून तपकिरी-हिरवे पट्टे असतात, आधी फिकट तपकिरी सगळीकडं, मग हिरवा.

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं, त्यांच्याआधी ग्लॉस वार्निश हवंच. खडबडीत रंगावर डेकलखाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी चमक दिसते, एवढ्या मेहनतीवर पाणी पडतं. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून कागदावरून सरकवा, ओढू नका.

मला हे काम मनापासून आवडलंय, संध्याकाळी मोबाईल बाजूला राहतो आणि दोन तास कुठं जातात कळत नाही. पुढचं मिग-२१ मागवलंय, १९६३ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत आपल्या हवाई दलात होतं ते, आपलं विमान शेल्फवर हवंच. नाकाखाली चाक असलेली बरीच मॉडेलं शेपटीवर बसतात, म्हणून धडाचे दोन भाग चिकटवायच्या आधीच नाकात शिशाचे छर्रे भरून घ्या, नंतर जागाच मिळत नाही.