पिन की रील? घरच्या कलेवर ऑनलाइन कमवायचं असेल तर

आमच्याकडे बेळगावात शहापूरला ब्लाउज शिवायला येणारी बाई हल्ली पिशवीतून कापड काढायच्या आधी मोबाइल काढते. "अक्का, मागचा गळा असा पाहिजे बघा." फोटो कुठला विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गूगलवर होता की," नाहीतर "जावेनं पाठवला." त्यातले बरेचसे फोटो पिंटरेस्टवरून, म्हणजे फोटो शोधायच्या आणि जपून ठेवायच्या साइटवरून, फिरत आलेले असतात, हे त्या बाईच्या गावीही नसतं. शिवणकाम बायकोचं, फोन आणि कॉम्प्युटरचं खातं माझ्याकडे. लोक फोटो बघूनच शिवायला टाकत असतील तर त्यातले थोडे फोटो आपले का असू नयेत, एवढ्याच हिशेबानं आम्ही यात उतरलो.

ब्लाउज, रांगोळी, मेहंदी, भरतकाम, हलव्याचे दागिने, असं काही हाताशी आहे आणि त्यावर ऑनलाइन चार पैसे सुटावेत असं वाटतंय, तर वेळ पिंटरेस्टला द्यावा की रीलला? बेळगाव, खानापूर, निपाणीकडची ओळखीची माणसं हे वरचेवर विचारतात. दोन्ही करून पाहिलंय, म्हणून लिहितोय. खातं कसं उघडायचं, बोर्ड म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरतो. आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब शॉर्ट्स या सगळ्यांना मिळून मी इथं रीलच म्हणणार आहे, कारण बोलताना सगळे तसंच म्हणतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. पिंटरेस्ट तुम्हाला पिन, म्हणजे तिथला फोटो, टाकल्याबद्दल पैसे देत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत त्यांनी निर्मात्यांना पैसे देण्याची एक योजना काढली होती, ती २०२२ च्या अखेरीस गुंडाळली. पैसा येतो तो पिनमागच्या लिंकमधून. लिंक तुमच्या मालाची असेल, तुमच्या ब्लॉगची असेल आणि ब्लॉगवर जाहिराती असतील, किंवा दुसऱ्याच्या मालाची असेल आणि त्यावर तुम्हाला कमिशन असेल. कमिशनच्या लिंकांवर पिंटरेस्टनं २०१५ मध्ये बंदी घातली होती, ती २०१६ मध्ये उठवली. आता चालतात, मात्र लिंक पूर्ण टाकायची, आखडून केलेली नको, आणि कमिशन मिळतं हे उघड सांगायचं. चौथा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या दुकानासाठी पिना बनवून देणं. ते सरळ नोकरीसारखं काम आहे. इंग्रजी आणि डिझाइनचा हात चांगला असेल तर बरं, पण इथं त्यात शिरत नाही.

रीलची बाजू खरंच भक्कम आहे. तुमचं गिऱ्हाईक टिळकवाडीत, वडगावात, फार तर हिंडलग्यापर्यंत असेल तर रीलला तोड नाही. मेहंदीवाली, ब्युटीपार्लरवाली, नऊवारी नेसवून देणारी, केकवाली, यांनी पिंटरेस्टच्या नादी लागूच नये असं माझं मत आहे. लग्नसराईत एखादी रील चालली की दोन दिवसांत फोन वाजायला लागतो, तारखा भरतात. शेजारच्या गल्लीतली बाई तुमचा चेहरा ओळखते, आवाज ओळखते, आणि त्या ओळखीवर कामं येतात. पिंटरेस्टवर ओळख नावाची गोष्टच नाही. तिथं कुणाला तुम्ही कोण याच्याशी देणंघेणं नसतं, गळा आवडला की झालं.

आता माझं घोडं जिथं अडलं ते सांगतो.

आम्ही ब्लाउजच्या कटिंगचे कागदी नमुने पीडीएफ करून विकतो. कटोरी, प्रिन्सेस कट, बोट नेक, बत्तीसपासून चाळीसपर्यंतची मापं. विकत घ्यायचं ते एका लिंकवरून. आणि इन्स्टाग्रामवर रीलखाली तुम्ही लिंक लिहिली तरी ती दाबता येत नाही, नुसती अक्षरं दिसतात. यूट्यूबनं तर फसवणुकीच्या लिंका थांबवायला ऑगस्ट २०२३ पासून शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंका मुद्दाम बंद केल्या. कारण रास्त आहे, पण आमच्यासारख्यांची त्यात पंचाईत होते. मग काय, "लिंक बायोमध्ये आहे" असं म्हणायचं, म्हणजे आपल्या प्रोफाइलवरच्या ओळखीच्या जागेत. तुम्हाला-मला ते कळतं. आमचं गिऱ्हाईक म्हणजे नंदगडची शिवणकाम शिकणारी मुलगी, चिकोडीची पन्नाशीची बाई, गडहिंग्लजच्या शिवणक्लासच्या मॅडम. रील आवडते, हृदयाचं चिन्ह टाकतात आणि खाली लिहितात, "लिंक प्लीज." दुसरी लिहिते, "मला पण." तिसरी नुसता टिंब टाकते. एकेकीला मेसेज पाठवायचा. मेसेज त्यांच्या भलत्याच खान्यात जाऊन पडतो, त्यांना दिसत नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा कमेंट येते, "दादा रिप्लाय देत नाही तुम्ही." एक काकू तर फोन करून म्हणाल्या, "बायो कुठं असतं ओ? मी खालपर्यंत जाऊन आले की." त्यांना फोनवर सांगत सांगत तिथवर नेलं, तर तिथं पाच लिंका, त्यातली कटोरीची कुठली ते कळेना. शेवटी त्यांनी यूपीआयनं पैसे पाठवले आणि मी पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकला. म्हणजे नव्याण्णव रुपयांच्या विक्रीला अर्धी संध्याकाळ.

आपोआप मेसेज पाठवणाऱ्या सोयी मिळतात, हे ठाऊक आहे. महिन्याचे पैसे भरून त्या घेणारे आणि समाधानी असणारे लोकही ओळखीत आहेत. मला मात्र दर महिन्याला भाडं भरून गिऱ्हाइकाच्या हातात लिंक द्यायची हे पटलं नाही. पिंटरेस्टवर पिन दाबली की पान उघडतं. त्यावर किंमत आहे, मापं आहेत, पैसे भरायची जागा आहे. रात्री झोपेत असतानाही कुणी घेऊन गेलेलं असतं. माझ्यापुरता निकाल इथंच लागला, बाकीची कारणं नंतर जोडली असं म्हटलंत तरी चालेल.

त्या जोडलेल्या कारणांत पहिलं वयाचं. रील आज चालते, परवा थंड होते, आणि आठवड्यानं ती शोधायला खाली खाली जावं लागतं. पिनचं उलटं. टाकल्यावर कितीतरी दिवस कुत्रं विचारत नाही. आमच्या पहिल्या पिना इतक्या निपचित पडल्या होत्या की बायकोनं, "हे चालू आहे का बंद?" असं विचारलं होतं. पण एकदा शोधात वर आली की ती येत राहते. काळ्या खणाच्या फ्रॉकची एक पिन आहे, संक्रांतीच्या बोरन्हाणासाठी शिवलेल्या. डिसेंबर उजाडला की ती जागी होते, जानेवारीच्या मध्यावर झोपते, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिच्यासाठी नवं काहीच करावं लागत नाही.

दुसरं कारण भाषेचं. लोक शोधतात ते बहुतेक इंग्रजी अक्षरांत, 'khan blouse back design' असं काहीतरी. देवनागरी शीर्षकाच्या आमच्या पिना कमी चालतात, हे प्रांजळपणे सांगतो, तरी मी दोन्ही लिहितो. पण पिंटरेस्ट नुसतं शब्दांवर चालत नाही, चित्र ओळखून त्याच्यासारखी चित्रं पुढं करतं. कॅमेऱ्यानं फोटो काढून शोधायची सोय तिथं २०१७ पासून आहे. त्यामुळे गुळेदगुड्डचा खण कन्नड बोलणाऱ्या बाईनं शोधला काय आणि मराठी बोलणाऱ्या बाईनं शोधला काय, आमचा फोटो दोघींनाही दिसू शकतो. अट एकच, फोटो स्वच्छ हवा. फुलाफुलांच्या चादरीवर ठेवलेल्या ब्लाउजच्या खाली पिंटरेस्ट चादरीच दाखवायला लागलं, तोच ब्लाउज पांढऱ्या भिंतीवर अडकवला तर खण दाखवू लागलं. तेव्हापासून भिंतीला एक खिळा कायमचा ठोकलाय. फोटो उभा, दोनास तीन प्रमाणात.

पिंटरेस्टचे काटेही कमी नाहीत. लोक जपून ठेवतात फार आणि दाबतात कमी. ब्लाउजचा पूर्ण फोटो, खाली मापाची आकृती, टक्स कुठं, मुंढा किती, सगळं एकाच चित्रात दिलं तर ते शेकड्यानं सेव्ह होतं आणि लिंकवर चिटपाखरू येत नाही. का येईल? सगळं मिळालंच की. आता आम्ही शिवलेला गळा पूर्ण दाखवतो आणि कटिंगची आकृती अर्धीच, तीही मापं न घालता. सेव्ह कमी झाले, लिंकवर येणारे वाढले. अनॅलिटिक्समध्ये पाहायचा तो आकडा बाहेर गेलेल्या क्लिकचा. 'इम्प्रेशन' म्हणजे पिन किती वेळा दिसली, त्या मोठ्या आकड्यानं मन रमतं, खिसा भरत नाही.

दुसरा काटा एआयच्या चित्रांचा. परवा एक मुलगी साखरपुड्याच्या ब्लाउजसाठी फोटो घेऊन आली. पाठीवर काठोकाठ जरदोसी, मध्ये मोर, लटकन. देखणा होता. बायकोनं फोटो मोठा केला आणि विचारलं, "हूक कुठं आहेत गं याला?" मागं नाहीत, पुढं नाहीत, बाजूला चेन नाही. गळा एवढा लहान की डोकं आत जायचं नाही. शिवणीची रेघसुद्धा कुठं दिसेना. ती मुलगी हिरमुसली. असली चित्रं आता सगळीकडेच झालीत, आणि पिंटरेस्टनंही २०२५ मध्ये अशा पिनांवर खूण करायला सुरुवात केली. माझा अनुभव असा की याचा आपल्याला थोडा फायदाच होतो. हुकाची पट्टी, अस्तर, आतली शिलाई दाखवणारा खरा फोटो टाकला की शिवणाऱ्या बायकांना लगेच कळतं की हे माणसानं केलंय. आमची उलट्या ब्लाउजची पिन, म्हणजे आतली बाजू बाहेर, सुलट्यापेक्षा जास्त चालते.

आता खास आपल्या सीमाभागाची गोष्ट. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेंगळूर त्याच्या कितीतरी पट लांब. पण शिवलेला तयार ब्लाउज निपाणीहून महाराष्ट्रातल्या कागलला विकला तर तो परराज्यात गेला, बेंगळूरला विकला तर राज्यातच राहिला. आणि परराज्यात वस्तू विकायची तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, पण तुमची वस्तू त्या यादीत बसते का हे बघावं लागतं. सेवेचं तसं नाही. परराज्यातल्या सेवेला वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणीतून सूट आहे. आमचे सीए पीडीएफ नमुने आणि कमिशन सेवेत धरतात. आमचं मराठी गिऱ्हाईक बरंचसं कोगनोळी टोलनाक्याच्या पलीकडचं, म्हणजे महाराष्ट्रातलं, म्हणून हा फरक आम्हाला मोठा वाटला. तयार माल पाठवायचा विचार असेल तर आधी आपल्या सीएला विचारा, माझ्यावर जाऊ नका.

कमिशनबद्दल थोडक्यात. अस्तर, कात्र्या, शिलाई मशीनचे पाय असल्या वस्तूंच्या लिंका मी ब्लॉगमधून देतो. ॲमेझॉनकडे नाव घातल्यावर १८० दिवसांत तीन विक्र्या व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद. आणि लिंक दाबल्यापासून २४ तासांत घेतलं, किंवा निदान कार्टमध्ये टाकून ठेवलं, तरच कमिशन. पिंटरेस्टवरची बाई आज बघते आणि पगार झाल्यावर घेते, त्यामुळे यात फार काही हाती लागत नाही. ब्लॉगवरच्या गूगलच्या जाहिरातींचे पैसे १०० डॉलर साठल्याशिवाय निघत नाहीत, आणि १० डॉलर झाले की पत्ता पडताळायला पोस्टानं पत्र येतं, तेव्हा पत्ता नीट घाला. आमचं खरं उत्पन्न आपल्या नमुन्यांचंच. किती, तर गाळ्याचं भाडं आणि लाइट बिल निघतं. शिवणकाम बंद करावं इतकं नाही.

म्हणून माझा कल पिंटरेस्टकडे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. तरी ज्याला लगेच, या महिन्यातच पैसे हवेत, ज्याला कॅमेऱ्यासमोर बोलायला आवडतं, ज्याचं काम हातानं जागेवर करून द्यायचं आहे, त्यानं रीलच करावी. आम्हीही रील सोडलेली नाही. शिवणक्लासची नवी बॅच सुरू करताना एक टाकतो, आणि जागा त्यावरच भरतात. पण ज्याचा माल लिंकवरून जाणारा आहे, ज्याला रोज तोंड दाखवायचा कंटाळा आहे आणि चार-सहा महिने रिकाम्या आकड्यांकडे बघत बसायची तयारी आहे, त्यानं पिंटरेस्टला एक हंगाम द्यावा असं मला वाटतं.

हंगाम म्हणजे सणाच्या आधीचा, सणातला नव्हे. संक्रांतीचं काळं कापड आम्ही दिवाळीचे दिवे काढायच्या आतच बेततो, आणि फोटो नोव्हेंबरात टाकून मोकळे होतो. लग्नाचे ब्लाउज तुळशीच्या लग्नाआधी. गौरी-गणपतीच्या खणाच्या चोळ्या आषाढ लागता लागता. या वर्षी सुरुवात करणार असाल तर पुढचा कुठला सण गाठता येईल ते कॅलेंडरात बघा, आणि त्या सणाचे आठ-दहा वेगवेगळे गळे शिवून भिंतीवर लावा. एकाच ब्लाउजचे दहा फोटो चालत नाहीत.