जीएलसी २२०डी की एक्स-३ २०डी : शोरूमला जाण्याआधी किलोमीटर मोजा

दोन लिटरचं डिझेल, १९७ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद, ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड, म्हणजे इंजिनाला हातभार लावणारी छोटी मोटर. इथपर्यंत मर्सिडीजची जीएलसी आणि बीएमडब्ल्यूची एक्स-३ या दोन्ही एसयूव्ही सारख्याच. टॉर्क जीएलसीचा ४४० न्यूटन-मीटर, एक्स-३चा ४००. शून्य ते शंभर एक्स-३ ७.७ सेकंदांत, जीएलसी ८ सेकंदांत. इंदूरच्या बायपासवर हा फरक कुणाला कळणार!

कळतो तो बसल्यावर. जीएलसी खड्डे मऊपणे गिळते, पण सेंधव्यापुढच्या बिजासन घाटात वळणावर झुकते. एक्स-३ तिथे घट्ट बसते आणि चालवणाऱ्याला मजा देते. मागे आई-बाबा बसणार असतील तर जीएलसी. डिकीही तिचीच मोठी, ६२० लिटर विरुद्ध ५७०. मात्र स्टेपनी कुठे ठेवलीय ते डिकी उघडून बघा, आकडा रिकाम्या डिकीचा असतो. एक्स-३चं काचेचं छत उघडत नाही, आणि दारांवरचं प्लास्टिक या किमतीला शोभत नाही. जीएलसीच्या स्टिअरिंगवरच्या टच-पट्ट्या मात्र वैताग आहेत: वळताना अंगठा लागला की आवाज वाढतो. रामबागेच्या गल्लीत लावायची असेल तर १,८९० मिमी रुंदीची जीएलसी १,९२०च्या एक्स-३पेक्षा जरा सोपी.

आता खरा प्रश्न. रोज इंदुरातल्या इंदुरात, अन्नपूर्णा ते पलासिया एवढंच जायचं असेल तर दोन्हींतली डिझेल घेऊ नका. धुरातली काजळी डीपीएफ फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं. त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं आणि काम पुरं व्हायला साधारण १५-२० मिनिटं सलग चालावं लागतं. मध्येच गाडी बंद केली की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि ते सहज लक्षातही येत नाही. आयडलिंग किंचित वाढलेलं, बंद केल्यावरही पंखा घोंघावतोय, जळका वास येतोय, ही काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहिल्याची खूण. अशा वेळी सरळ बायपास धरा, ६०-८०च्या वेगाने २० मिनिटं चालवा. दर आठवड्याला एवढी फेरी जमत नसेल तर दोन्ही कंपन्यांची पेट्रोल आहेच.

दुसरी काळजी अ‍ॅडब्लूची. धुरातले विषारी वायू कमी करणारं ३२.५ टक्के युरियाचं हे द्रावण आयएसओ २२२४१ हे मानक छापलेल्या सीलबंद कॅनमधूनच घ्या, सुटं नको. ते संपत आल्याची सूचना आली की उरलेले किलोमीटर दिसतात; ते शून्य झाले की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. डिझेलच्या टाकीत चुकून ओतलंत तर स्टार्टचं बटणही दाबू नका, टोइंग बोलवा.

नंबराबद्दल एक. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा आणि उज्जैनचा विक्रम व्यापार मेळा इथे २०२४ आणि २०२५ मध्ये वाहन करात ५० टक्के सूट होती. नोंदणी तिथल्याच आरटीओत होते, म्हणजे उज्जैनला घेतली तर पाटीवर इंदूरच्या एमपी ०९ ऐवजी उज्जैनचा एमपी १३ येतो. एवढ्या किमतीच्या गाडीत ही बचत लाखांत जाते, तेव्हा सवलत यंदा जाहीर झालीय का ते विचारून मगच बुकिंग करा.