जुनी स्प्लेंडर की जुनी पल्सर 150: घेतल्यानंतर कुणावर किती काम निघतं?

सात-आठ वर्षं चाललेली स्प्लेंडर प्लस आणि तेवढीच जुनी पल्सर 150 नागपुरात बरेचदा जवळपास सारख्याच भावात मिळतात. जुन्या बाजारात स्प्लेंडर आपला भाव सोडत नाही, पल्सर सोडते. त्यामुळे घेताना दोघींतला फरक जाणवत नाही. तो कळतो पुढच्या दोन महिन्यांत, मिस्त्रीचं बिल हातात आल्यावर. इथे बोलणं आहे ते 2020 च्या आधीच्या, कार्बोरेटरवाल्या गाड्यांबद्दल. त्यानंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलं आणि त्यांचा हिशोब वेगळा झाला.

स्प्लेंडरचं 97.2 सीसीचं इंजिन इतकं सोशिक आहे की खराब होऊनही चालत राहतं. हीच तिची फसवी बाजू. गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, आवाजही फार नसतो, आणि आत पिस्टनच्या रिंगा संपलेल्या असतात. विकणारा हुशार असेल तर 10W-30 ऑइलच्या जागी जाड 20W-50 भरतो. धूर दबतो, खडखड कमी होते. म्हणून गाडी थंड असतानाच बघायला जा, आधी कुणी गरम करून ठेवली असेल तर तासाभराने परत या. रात्रभर उभ्या गाडीने सुरू होताना निळ्या धुराचा एकच झोत सोडला आणि मग धूर थांबला, तर व्हॉल्व्ह सील गेलेत. हे काम स्वस्तातलं. चालवताना अॅक्सिलरेटर पिळल्यावर मागे सतत निळा धूर असेल तर हाफ इंजिन ठरलेलंच: बोर, पिस्टन, रिंगा. खात्री करायची तर कॉम्प्रेशन मोजा, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा लक्षणीय वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा.

गाडी घरी आल्यावर स्प्लेंडरवर एक काम आवर्जून करून घ्या, कारण ते सहसा कुणी करत नाही. या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि क्लचच्या बाजूला गरगर फिरून गाळ बाहेर फेकणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो. तो साफ करायचा तर क्लच कव्हर उघडावं लागतं, नवं गॅस्केट लागतं. म्हणून वर्षानुवर्षं ऑइल बदललं जातं आणि गाळ आत तसाच घट्ट बसून राहतो. एकदा कव्हर उघडा, फिल्टर आणि जाळी धुवा, 900 मिली ऑइल भरा. पुढे ऑइल नियमित बदला.

पल्सरला कागदी फिल्टर आहे, लिटरभर ऑइल लागतं, आणि इंजिनाची तब्येत लपून राहत नाही. टायमिंग चेन सैल झाली की आयडलिंगला कानावर येते. क्लच प्लेट झिजल्या की चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही. तिचा कार्बोरेटर व्हॅक्युमवाला असतो, आत रबरी पडदा. तो फाटला की गाडी सुरू होते, आयडलिंगही घेते, पण पुढे उचलत नाही. अशा वेळी नवा कार्बोरेटर गळ्यात मारणारे भेटतात, आधी पडदा उजेडासमोर धरून बघायला सांगा. प्लग दोन असतात. बदलताना दोन्ही बदला. एक हाताला अवघड म्हणून तसाच सोडून देण्याची पद्धत आहे.

खरा खर्च पल्सरच्या इंजिनात नाही, खालच्या भागात आहे. वजन जास्त, वेग जास्त, आणि आपल्या सिमेंट रोडचे जोड व गट्टूंच्या (पेव्हर ब्लॉकच्या) कडा. हे सगळं कोनसेटवर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगवर येतं. मधल्या स्टँडवर उभी करून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. अगदी मध्यावर खाच लागल्यासारखं अडखळलं तर गोळ्यांनी रेसला (त्या बसतात त्या कड्यांना) खड्डे पाडलेत. नुसत्या गोळ्या बदलून महिना-दोन महिने निघतात, पूर्ण सेटच घाला. मग मागचं चाक धरून आडवं हलवा: खेळ असेल तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश किंवा बेअरिंग. फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळीवर ऑइलचं कडं दिसलं तर सील गेलं. सील नवं घालूनही नळीवर गंजाचे ठिपके राहिले तर ते पुन्हा फाटतं, म्हणून नळी आधी बघा. स्प्लेंडरमध्येही हे सगळं झिजतं, पण हलक्या गाडीत सावकाश, आणि पार्टही स्वस्त पडतो.

चेनच्या बाबतीत मात्र स्प्लेंडर उलटी निघते. तिची चेन बंद डब्यात असते, धूळ लागत नाही, आणि म्हणूनच कुणी बघतही नाही. झाकण काढून मागच्या स्प्रॉकेटवरून चेन मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर खाल्ली जाते. ताण मधोमध 20 ते 30 मिलिमीटर ठेवा. पल्सरची उघडी चेन 90 नंबरच्या गिअर ऑइलने वंगण केली की भागतं, पण ते वरचेवर करावं लागतं.

ब्रेकमध्ये पल्सर सरळ जिंकते. पुढे 240 मिलिमीटरची डिस्क आहे, आणि दुरुस्तीही ठरलेली: पॅड, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस, आणि मास्टर सिलिंडरच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच नवा ब्रेक ऑइल. ऑइल दोन वर्षांनी बदलायचा असतो. काळपट झाला असेल तर तो कधीच बदललेला नाही. स्प्लेंडरला 130 मिलिमीटरचा ड्रम आहे. शू नवे घातल्यावरही लिव्हर लिबलिबीत लागली तर दोष केबलचा किंवा गंजलेल्या कॅमचा (शू फाकवणाऱ्या तुकड्याचा) असतो, ड्रमचा नव्हे. कॅम काढून पुसा, थोडं ग्रीस लावा, केबल नवी घाला. ब्रेक जेवढा मूळचा होता तेवढा परत येतो, त्याहून जास्त नाही. डिस्क बसवून देतो म्हणणारे बरेच आहेत. त्यात फोर्क, हब, मास्टर सिलिंडर सगळं बदलतं, कंपनीच्या तपशिलाबाहेरचा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो, आणि अपघातानंतर विम्याचा वाद अंगावर येतो. डिस्कच हवी असेल तर डिस्कवालीच गाडी घ्या.

बॅटरीच्या बाबतीत नागपूरचा उन्हाळा दोघींना सारखा छळतो; नवतपात (मे-अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) उन्हात उभ्या गाडीची जुनी बॅटरी पहिली मान टाकते. पण परिणाम वेगळा. कार्बोरेटरवाली स्प्लेंडर बॅटरी मेली तरी किकने सुरू होते. डीसी इग्निशनच्या (बॅटरीवरच ठिणगी पडणाऱ्या) पल्सरला बॅटरीत दम नसेल तर किक मारून पाय दुखतात, बाकी काही होत नाही. तिच्यासाठी 9 अँपिअर-तासाची नवी बॅटरी पहिल्याच आठवड्यातला खर्च धरा. हेडलाइटचा मामला उलटा आहे: पल्सरला चांगला एलईडी सरळ चालतो, स्प्लेंडरचा हेडलाइट बहुतेक वेळा मॅग्नेटोच्या (इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या) एसीवर असतो, एलईडी लावला की आयडलिंगला लुकलुकतो. मॅग्नेटो कॉइलचं वायरिंग आणि रेग्युलेटर बदलल्याशिवाय तो सुधारत नाही. त्याऐवजी काच पुसा, रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर नवा घाला, 35/35 वॅटचा चांगल्या कंपनीचा बल्ब लावा.

पंपावर आता इ-20 (वीस टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल मिळतं, ते दोघींनाही लागू. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीतला गंज-मळ ते सुटा करतं आणि जेट (कार्बोरेटरची बारीक भोकं) बुजतात. टाकी रिकामी करून धुवा, पेट्रोलचा पाइप, फ्लोट निडल आणि कार्बोरेटर किट एकदाच बदला. टायर नक्षी शिल्लक आहे म्हणून ठेवू नका. बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. एवढा जुना टायर आपल्या उन्हात बाजूने तडकलेला असतो.

मोठं काम न निघाल्यास स्प्लेंडर रस्त्यावर आणायला साधारण सहा-सात हजार धरा, पल्सरला दहा-बारा. महाल-इतवारीच्या गल्ल्या, मुलांची शाळा, दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, एवढंच असेल तर पल्सरवर जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही. रोज बुटीबोरी गाठायचं असेल, वर्धा रोडवर ट्रकांच्या सोबतीने, मागे कुणी बसलेलं, तर स्प्लेंडर सत्तरच्या पुढे दमते आणि तिचा ब्रेक त्या वेगासाठी नाही; तिथे वरचे चार-पाच हजार पल्सरवरच घाला.

कोणतीही घ्या, पासिंग नागपूरचं एमएच-31, 40 की 49 याने फरक पडत नाही, पण मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसीही हवी. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर प्लेट लागलीय का ते बघा. नसेल तर तो खर्च भावातून वजा करायला लावा.